दिवाळी रांगोळी लॉग: १५ ते ८ आणि मामींचा कोलम

वसुबारसेला सुरू केलेला प्रकार काल भाऊबीजेला संपला, कंबर गेलीये पण लिहून टाकते नाहीतर विसरेन. आम्ही बंगळुरूला, मजल्यावर मराठी घर आमचं एकच. यंदा लॉबीत सगळ्यांनी आपापली काढायची ठरलं, माझी ठिपक्यांची, समोरच्या तमिळ मामींचा कोलम (त्यांची तांदळाच्या पिठाची रांगोळी) आणि शेजारच्या बंगाली ताईंची आल्पना. ती तर कमाल असते, तांदूळ भिजवून वाटायचे, त्यात कापडाचा बोळा बुडवून बोटाने काढायची, ओली असताना धड दिसतही नाही आणि वाळली की पांढरीशुभ्र उठून येते.

माझा पहिला दिवस पूर्ण फसला. चकचकीत टाइल्स, गेरू धरेना, रांगोळी कुणी नुसतं बाजूने गेलं तरी सरकायची, आणि सकाळी लॉबी पुसताना सगळीच गेली (चूक माझीच, सांगितलं नव्हतं). मग २ बाय २ फुटाचा प्लायचा तुकडा आणला, खडबडीत बाजू वर, गेरूचे दोन हात, तेव्हा कुठे जमलं.

ठिपक्यांना आईचा जुना कागद, अगरबत्तीने भोकं पाडलेला, १५ ते ८, म्हणजे मधे १५ आणि दोन्हीकडे एकेक कमी होत ८, एकूण १६९. मामी कागद बघून हसल्याच. त्या नुसत्या चिमटीने टाकत जातात, एक ओळ वाकडी नाही!

आता खरी मजा. आपण ठिपके जोडतो, सिक्कू कोलममधे रेघ ठिपक्याला हातच लावत नाही, वळसा घालून पुढे जाते आणि शेवटी सुरुवातीला येऊन मिळते. मी आधी वहीत केलं, साध्या विणीत ४ बाय ४ घेतले तर चार वेगळे वळसे होतात, ४ बाय ५ घेतले की अख्खं एका रेघेत! दोन्ही आकड्यांचा मसावि काढा, तेवढ्या रेघा. शाळेतला मसावि इथे भेटेल असं वाटलं नव्हतं. फरशीवर मात्र तिसऱ्या ओळीत चुकले, कारण तांदळाचं पीठ आपल्या रांगोळीसारखं सुटत नाही, दगडाची भुकटी जड असते, सरळ पडते, पीठ दमट हवेत चिमटीतच बसून राहतं. मामी पीठ जरा भरड ठेवतात. दुपारी मुंग्या आल्या तर म्हणाल्या, त्यांच्यासाठीच तर आहे.

नरकचतुर्दशीला पहाटे साडेपाचला मी उटण्याच्या हाताने दार उघडलं तर समोर मामी, "गंगा स्नानम् आच्चा?" (गंगास्नान झालं का?) म्हटलं व्हायचंय अजून, आधी पणत्या लावते.

पुढचं टार्गेट तुळशीच्या लग्नाला ५ बाय ६, एका रेघेत, वहीत न बघता. पिठात रांगोळी मिसळून बघितलीये का कुणी, प्रमाण काय घेता?