तुम्ही विचारलंत म्हणून: केंद्रक फिरतं हे कळतं कसं?

अणूचं केंद्रक कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मग ते फिरतं असं तुम्ही ठामपणे कसं सांगता? विद्यार्थी विचारतात, घरी आलेले पाहुणेही विचारतात, आणि प्रश्न रास्तच आहे.

फिरणारं केंद्रक ऊर्जेची एकेक पायरी उतरत शांत होतं आणि दर पायरीला सहसा एक गॅमा किरण (क्ष-किरणांसारखाच, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) बाहेर टाकतं. त्या किरणांची ऊर्जा मोजली की पायऱ्यांची उंची हाती येते. युरेनियम-238 च्या पहिल्या तीन पायऱ्या तळापासून 45, 148 आणि 307 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर (हे ऊर्जेचं एकक) आहेत. म्हणजे दुसरी पहिलीच्या 3.3 पट, तिसरी 6.8 पट. लांबट, ताठ वस्तू पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) नियमांनी फिरली तर गणित 3.33 आणि 7 देतं. इतकं जुळणं योगायोगाचं नव्हे.

लांबट म्हणालो ते मुद्दाम. अगदी गोल केंद्रक फिरवलं तरी त्याची स्थिती जशीच्या तशी राहते, आणि पुंजयामिकीत असं फिरणं धरलंच जात नाही. म्हणून शिसं-208 सारख्या गोल केंद्रकात ही शिडी सापडत नाही. शिडी दिसली की आकारही कळला! या विचाराची बैठक घालणाऱ्या आगे बोर, बेन मॉटलसन आणि जेम्स रेनवॉटर यांना 1975 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

मला मात्र खरी ओढ आहे ती शिडीवरून आतलं कळण्याची. पायऱ्यांवरून जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरवायला वस्तू किती जड जाते याचं माप, काढलं, तर ते घन वस्तूच्या जवळपास निम्मंच भरतं. प्रोटॉन प्रोटॉनांशी, न्यूट्रॉन न्यूट्रॉनांशी जोड्या करतात, त्यामुळे आतलं द्रव्य अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाशिवाय वाहणाऱ्या, द्रवासारखं वागतं आणि सगळंच्या सगळं फिरण्यात सामील होत नाही.

ही जोडी तुटताना काय होतं, ते 1971 मध्ये स्टॉकहोमला डिस्प्रोसियम-160 मध्ये दिसलं. कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा एकूण जोर, वाढत होता, तरी फिरण्याचा वेग एका टप्प्यावर चक्क कमी झाला. आलेख मागे वळला. कारण असं की, वेग वाढला की कोरिऑलिस बल (फिरत्या वस्तूच्या आत जाणवणारं, हलत्या कणांना वळवणारं बल) न्यूट्रॉनांच्या एका जोडीला फोडतं आणि त्या दोघांचे संवेग फिरण्याच्या अक्षाकडे वळवतं. कोनीय संवेगाचा मोठा वाटा ते दोघेच उचलतात, मग बाकीच्या केंद्रकाला तेवढं जोरात फिरावं लागत नाही. दीडशेहून अधिक कणांच्या गर्दीत दोन न्यूट्रॉनांनी केलेला बदल आपल्याला बाहेरून वाचता येतो, याचं मला आजही अप्रूप आहे.

आणि किती जोरात फिरतं म्हणाल, तर इंग्लंडमध्ये डेर्सबरीला 1986 मध्ये डिस्प्रोसियम-152 चं अतिविरूपित, म्हणजे खूपच ताणलेलं, रूप सापडलं. रुंदीच्या दुप्पट लांब, सेकंदाला एकावर वीस शून्यं इतके फेरे. ऊर्जेच्या आलेखावर त्याच्या गॅमा किरणांच्या रेषा सुमारे 47 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या सारख्या अंतरानं उभ्या आहेत. वेग उतरत एका मर्यादेपर्यंत आला की ती रांग तुटते आणि केंद्रक हा लांबट आकार सोडून देतं.