परक्याच्या शेतातली वाट

मंगळवारी सकाळी मी एका अनोळखी माणसाच्या कुरणात मधोमध उभी होते आणि समोरून तोच ट्रॅक्टर घेऊन येत होता. मी यांचा दंड घट्ट धरला. आपल्या निफाडकडे द्राक्षाच्या बागेत परका माणूस दिसला की आधी कुत्रं येतं, मागून मालक. याने ट्रॅक्टर थांबवला, फाटकाकडे बोट केलं आणि म्हणाला, तिकडे फार चिखल झालाय, डाव्या कडेने जा. वर दिवस चांगला जावो म्हणाला आणि गेला.

इंग्लंडमध्ये लेकाच्या शेफील्डच्या फ्लॅटमध्ये महिनाभर खिडकीतून पाऊस बघून कंटाळलो, म्हणून त्याने डर्बीशायरमधल्या हॅदरसेज गावात आठवड्याभरासाठी घर घेऊन दिलं. गाव शेफील्ड-मँचेस्टर रेल्वेवरच आहे. त्यामुळे इकडून लेक-सून आणि तिकडून भाचा, असा येणाऱ्याजाणाऱ्यांचा राबताच होता. रविवारी सात माणसांची पिठलं-भाकरी झाली. पीठ मी बॅगेतून नेलं होतं, शेगडी विजेची, भाकरी काही फुगली नाही. असो.

सांगायचंय ते त्या वाटेचं. इथे शेतांच्या कडेला लाकडी खांबावर छोटा पिवळा बाण असतो. पिवळा म्हणजे पायी चालणाऱ्यांसाठी, निळा असेल तर घोडा आणि सायकलही चालते. बाण दिसला की खुशाल आत शिरायचं. दगड नुसते एकावर एक रचलेल्या भिंती असतात, त्यात चढून पलीकडे उतरायला पायऱ्या बसवलेल्या. कुठे कुठे एकेक माणूस जाईल असं फाटक असतं. त्याला किसिंग गेट म्हणतात हे सुनेने सांगितलं. यांनी न ऐकल्यासारखं केलं. एक वाट तर चक्क एका घराच्या अंगणातून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या बाजूने गेली. मी चोरासारखी मान खाली घालून चालले. घरातल्या बाईने खिडकीतून हात हलवला.

हे भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले. साखळी सुटली तरी सवय सुटत नाही. पहिल्याच दिवशी 1:25,000 चा नकाशा विकत आणला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला, तो आठवडाभर तिथेच. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. त्यातल्या हिरव्या तुटक रेषा म्हणजे या वाटा. शेतातून जाणारी वाट नांगरली तर पहिल्या नांगरटीनंतर 14 दिवसांत मालकाने ती किमान एक मीटर रुंद परत करून द्यायची. लोक 20 वर्षं बिनहरकत चालत राहिले, तर ती वाट सार्वजनिक धरली जाते. "अगं, ही तर आपली वहिवाट!" हे ओरडलेच. आपल्याकडच्या 1882 च्या कायद्यातही 20 च वर्षं आहेत म्हणे.

इथल्यांनाही हे सगळं फुकट मिळालं नाही. याच डोंगररांगेत किंडर स्काउट नावाचं पठार आहे. 1932 साली शेकडो लोक बंदी मोडून त्यावर चढले, पाच जण तुरुंगात गेले. तेव्हा इथल्या लोकांनाही मालक हाकलतच होते. आणि चालण्याचं कौतुक आम्हाला कोणी सांगू नये. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी मी चार वेळा केलीय, अनवाणी, भर पावसात. इथे चार मैलांना बूट वेगळे, काठ्या वेगळ्या, सॅक वेगळी.

पण गुरुवारी डर्वेंट नदीतल्या दगडांवरून पलीकडे गेलो, तिथे बसल्यावर हे म्हणाले, "शेजारच्या काकूंची वाट मोजायला गेलो असतो, तर किती भरली असती?"

मी गप्प. आमच्या बांधावरून त्या काकूंच्या मळ्यात गाडीवाट होती. धाकट्या दिरांनी बाग वाढवली तेव्हा ती वाट गेली. दोन ओळींमध्ये नऊ फूट लागतात. वाट सोडायची म्हणजे अख्खी ओळ सोडायची. इथल्यांची शेतं नजर पोचत नाही एवढी, आमचं सगळं मिळून अडीच एकर. एक मीटर सोडणं त्यांना काय जड? शिवाय तहसीलदाराकडे सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो, काकूंनी केला नाही. मुलगा मुंबईला, त्या एकट्या. आता लांबून वळसा घालून जातात. जन्मभर दुसऱ्यांच्या बांधांवर खुणा करणारा माणूस तेव्हा घरात एक शब्द बोलला नाही. मीही नाही. भाऊजींनीच सासूबाईंचं शेवटपर्यंत केलं, आम्ही नाशिकला कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये. आम्ही कोणत्या तोंडाने बोलणार होतो?

शुक्रवारी रात्री यांनी भाऊजींना फोन लावला. स्पीकरवर होता. खरड छाटणी झाली, फुटवे बरे आहेत, मजुरी परवडत नाही, तिकडे थंडी आहे का. हे तीनदा "अरे, ते आपल्या बांधावरचं..." पर्यंत आले. तिसऱ्यांदा भाऊजी म्हणाले, "हां, बांधावरून आठवलं. येताना तिकडची छाटणीची चांगली कात्री मिळाली तर आण."

शनिवारी परत शेफील्डला आलो. दुपारी कात्री बघायला गेलो होतो. दोन घेतल्या.