पालथी रचलेली नक्षी

माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, सांगलीत नक्षीदार सिमेंटच्या फरशांचा लहानसा कारखाना होता. त्यामुळे कोणत्याही वास्तूत शिरल्यावर माझी नजर आधी जमिनीकडे जाते आणि छताकडे नंतर, ही माझी जुनी खोड आहे. गेल्या वर्षी लेकीकडे फ्लोरिडाला गेलो असताना तिने आम्हा दोघांना ऑर्लँडोजवळच्या एपकॉट या डिस्नेच्या उद्यानात नेले. तिथे एका तळ्याभोवती अकरा देश मांडलेले आहेत आणि मेक्सिकोपासून निघून सुमारे दोन किलोमीटर चालले की कॅनडा येतो. मी मनातून फार उत्सुक नव्हतो. गणेशोत्सवातले थर्मोकोलचे राजवाडे आपण लहानपणापासून पाहतो, तसलाच हा जरा महागडा देखावा असणार, अशी माझी समजूत होती. वाटेत दोन-तीन ठिकाणी मी दगडी वाटणाऱ्या भिंतींवर बोटाच्या पेराने ठोकून पाहिले, तेव्हा आवाज पोकळ आला आणि ती समजूत पक्कीच झाली.

जपान आणि फ्रान्स यांच्या मध्ये मोरोक्को लागतो. एपकॉट 1982 साली सुरू झाले आणि मोरोक्कोची भर 1984 साली, म्हणजे मूळ देश मांडून झाल्यावर पडली. इथे पाळणा नाही, बोट नाही, की काळोखातून फिरवणारी गाडी नाही, त्यामुळे लेकरे असलेली कुटुंबे इथून झपाझप पुढे सरकतात आणि दुपारी सुद्धा गल्ल्या मोकळ्या असतात. समोर उभा असलेला मनोरा मराकेशच्या कुतुबिया मशिदीच्या मनोऱ्यावरून घेतलेला आहे. बाराव्या शतकातला तो मूळ मनोरा सुमारे 77 मीटर उंच आहे आणि हा त्या मानाने अगदीच ठेंगणा. त्याच्या मागे फेझ शहरातल्या बाब बू जलूद या वेशीची प्रतिकृती आहे. मूळ वेस 1913 सालची, एका बाजूने निळी आणि दुसऱ्या बाजूने हिरवी. तेव्हा तिथे फ्रेंचांचा अंमल नुकताच बसला होता. ही वेस ओलांडली की रुंद रस्त्याचे नवे शहर मागे राहते आणि मदिनेच्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहराच्या, अरुंद, सावलीच्या गल्ल्या सुरू होतात. आमच्या गावभागातल्या बोळांची आठवण व्हावी इतक्या त्या अंगाला भिडतात.

मात्र मी वेशीपाशीच थबकलो, कारण तिथल्या भिंतीवर ठोकल्यावर आवाज भरीव आला.

त्या भिंतीवरची रंगीत तुकड्यांची नक्षी खरी आहे. मोरोक्कोचे तेव्हाचे राजे हसन दुसरे यांनी या कामासाठी आपल्याकडचे कारागीर पाठवले होते आणि भिंतींवरचे, कारंज्यांवरचे तुकडे त्यांनी हातांनी बसवलेले आहेत. या कामाला तिकडे झेल्लिज म्हणतात. भाजलेल्या मातीच्या चौकोनी फरशीवर रंगीत काच चढवायची, मग धारदार हातोडीने तिच्यातून चांदण्या, बदाम, पट्ट्या असे तुकडे तोडायचे. तोडताना प्रत्येक तुकड्याची मागची कड किंचित तिरकी उतरवायची, म्हणजे समोरून दोन तुकडे एकमेकांना घट्ट चिकटतात आणि मागे मसाला धरायला जागा राहते. एवढे माझ्यासारख्याला पाहून कळते. पण पुढची गोष्ट मला तिथे काम करणाऱ्या एका तरुणाकडून समजली. तिथल्या माणसांच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली त्यांचे गाव लिहिलेले असते आणि याच्या बिल्ल्यावर फेझ होते, म्हणून मी लेकीला दुभाषी करून त्याला गाठले. तो म्हणाला की कारागीर हे तुकडे जमिनीवर पालथे मांडतात. रंगीत बाजू खाली असते, वर दिसते ती नुसती तांबूस माती. सगळी नक्षी डोक्यात ठेवून, रंग न पाहता ती रचायची, तिच्यावर गिलाव्याचा थर ओतायचा आणि तो वाळल्यावर अख्खा ताव उचलून भिंतीला लावायचा. केलेले काम बरोबर आहे की नाही हे तोवर डोळ्यांना दिसत नाही.

हे ऐकताना मला अण्णांचे प्रेस आठवले. आमची फरशीसुद्धा पालथीच घडायची. लोखंडी चौकटीत तळाला पितळी साचा ठेवायचा, त्याच्या एकेका खणात पळीने रंगीत सिमेंट सोडायचे आणि हात न हलवता साचा वर काढायचा. मग वरून कोरडी सिमेंट-वाळू भुरभुरवायची, पाठीचा थर भरायचा आणि प्रेसने दाबायचे. फरशी उलटी करेपर्यंत रंग एकमेकांत मिसळले की जागेवर राहिले ते कळत नसे, आणि अण्णा ती उलटताना श्वास रोखत असत हे मी पुष्कळ वेळा पाहिले आहे. नंतर आधी मोझेक आणि मग चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आल्या आणि प्रेस बंद पडले. गावभागातल्या आमच्या घरात मात्र अजून त्याच फरशा आहेत. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर घरात चढला, तेव्हा दारे फुगली आणि कपाटे गेली. पण गाळ उपसून पाणी मारल्यावर जमीन होती तशी निघाली.

मोरोक्कोच्या कारागिरांबद्दल असेही सांगतात की परिपूर्णता फक्त ईश्वराची, म्हणून कारागीर नक्षीत मुद्दाम एखादी चूक ठेवतात. श्रद्धेचा मान राखूनही मला हे पटायला जड जाते. ज्याने आयुष्यभर हाताने काम केले आहे त्याला चूक मुद्दाम ठेवावी लागत नाही, ती बोलावल्याशिवाय येते.

जेवणाबद्दल थोडक्यात सांगतो. कुसकुस हा रव्याच्या बारीक कण्यांचा वाफवलेला प्रकार आमच्यापुढे आला. त्यात हळदीचा पिवळेपणा आणि बेदाणे पाहून सौभाग्यवतींनी, हे तर आपल्याच मार्केट यार्डातून आलेले दिसते, असा शेरा मारला. हळद आणि बेदाणा या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेल्या गावच्या माणसाला एवढा अभिमान माफ असावा. पुदिन्याचा चहा मात्र आपल्या जिभेला काढ्याकडे झुकलेला वाटतो.

संध्याकाळी तळ्याच्या पलीकडून मागे वळून पाहिले, तर मनोऱ्यामागे एक मोठी इमारत दिसत होती आणि ती मोरोक्कोचाच भाग वाटत होती. लेकीने सांगितले की ते शेजारच्या दुसऱ्या उद्यानातले पडझड झालेले हॉटेल आहे, ज्याच्या लिफ्टमधून माणसांना खाली सोडतात. इथून ते खुपू नये म्हणून त्याचा रंग आणि माथा मुद्दाम मोरोक्कोशी जुळवून घेतला आहे. हे लोक नजरेची फसवणूक किती काटेकोरपणे करतात याचे मला कौतुक वाटले, आणि त्याच लोकांनी कारंज्यापाशी खरा तुकडा का बसवू दिला असेल, हे कोडे अधिकच वाढले.

निघण्यापूर्वी मी त्या कारंज्याकडे पुन्हा गेलो. फेझच्या नेज्जारीन चौकातल्या कारंज्याची ती प्रतिकृती आहे. दोन ताव जिथे जुळतात तो सांधा मला शोधायचा होता, म्हणून चष्मा काढून, गुडघे टेकून मी जमिनीलगतच्या ओळी बोटाने चाचपत होतो. तेवढ्यात तोच फेझचा तरुण आला आणि काही हरवले आहे का, असे त्याने लेकीला विचारले. तिने काय उत्तर दिले ते मला कळले नाही, पण तो हसला, माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि एका हिरव्या चांदणीच्या खाली, मी दोनदा हात फिरवून सोडून दिलेल्या जागी, त्याने बोट ठेवले.