लिंबाला ताण देताना

अमळनेरला आमच्या घरामागे दोन खोल्यांएवढं परस आहे. एक कागदी लिंबू, दोन मोगरे, जास्वंद, कढीपत्ता, भिंतीला शेवगा आणि मधे तुळस. मी आडतीवर हिशेब लिहितो. दिवसभर क्विंटल, हमाली, तोलाई. संध्याकाळी परसात बसून नाम घ्यायचं असं ठरवलेलं असतं, पण माळ खिशात राहते आणि हातात खुरपं येतं.

झाडांची सेवा म्हणजे पाणी घालणं, असंच आपल्याला वाटतं. लिंबाने मला पाणी तोडायला शिकवलं. आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतली फुलं, धरायचा तर डिसेंबरात लिंबाचं पाणी बंद करावं लागतं. यालाच ताण देणं म्हणतात. हलक्या जमिनीत दोन-तीन आठवडे पुरतात. आमची काळी माती ओल सोडत नाही, महिना-दीड महिना सहज जातो. पानांची तकाकी जाते, दुपारी ती आत वळतात, काही पिवळी पडून गळतात. वाढ थांबलेली असते, पण पानांनी केलेलं अन्न फांद्यांत साठत असतं. मग आळं हलकं खणायचं, शेणखत घालायचं आणि ताण तोडायचा. आधी आंबवणीचं म्हणजे पहिलं हलकं पाणी, काही दिवसांनी चिंबवणीचं म्हणजे दुसरं, मग नेहमीची पाळी. थोड्याच दिवसांत नव्या पालवीबरोबर जांभळट कळ्या दिसतात.

ताणाचे दिवस मला जड जातात. बादली हातात असते, तुळशीला पाणी घालून लिंबाला वळसा घालून पुढे जायचं. शेजारच्या आजी कुंपणावरून दर वर्षी विचारतात, "झाडले पानी कसाले देत नही रे भाऊ?" मी बहार समजावून सांगतो, त्या मान डोलावतात आणि मी आत गेलो की तांब्याभर ओततात. आळ्यातली ओल मला दिसते. मी काही बोलत नाही. त्यांच्या तांब्याने भारी जमिनीतला ताण मोडत नाही, आणि मोडला असता तरी बोललो असतो की नाही कोण जाणे.

आमची एकादशी म्हणजे साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, वर बटाट्याचा कीस. लिंबाचा उपास बघितल्यापासून मला त्या ताटासमोर बसायला जरा ओशाळल्यासारखं होतं. बसतो अर्थात. खातोही.

पण यातून लगेच अध्यात्म काढणाऱ्यांचा मला राग येतो. आडतीवर शेतकरी येतात. पावसाने कापूस गेलेला असतो, हरभरा डागी झालेला असतो, आणि टेकून बसलेला कुणीतरी म्हणतो, देव परीक्षा बघतो. अहो, ताण देणाऱ्याला रोज झाडापाशी जावं लागतं. पान किती वळलं, गळ किती झाली, हे बघत राहावं लागतं, कारण चार दिवस जास्त झाले तर फांद्या वाळायला लागतात. दुसऱ्याच्या तहानेला लांबून साधना म्हणणं सोपं आहे. मी हात आवरायला शिकलो तो माझ्या झाडापुरता आणि, जमेल तेव्हा, माझ्या ताटापुरता.

तसंच सावता महाराजांचं. अरणच्या मळ्यात त्यांनी विठ्ठल पाहिला, त्यांना पंढरीला जावं लागलं नाही. आजही पंढरपूरहून देवाची पालखी अरणला जाते. हे सांगून वैशाखात बोरी नदीकाठी आमच्या अमळनेरच्या संत सखाराम महाराजांच्या रथाला न येणारे माझे दोन-तीन मित्र आहेत. बागेतच आमचं मंदिर, म्हणतात. अहो, सावता महाराजांचा मळा पोटाचा होता, आपली कुंड्यांची हौस आहे! रथाच्या दिवसांत ऊन पंचेचाळीसच्या घरात असतं आणि मोगरा नेमका तेव्हाच भरात. मी ओंजळभर फुलं घेऊन जातो आणि घामाघूम होऊन परततो.

सध्या अडलो आहे ते कढीपत्त्यावर. पावसाळ्यात त्यावर लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या येतात. लहान असताना हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारख्या, काळपट-पांढऱ्या. मोठ्या झाल्या की हिरव्यागार. काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. मुलीने ते एकदा बघितलं आणि तेव्हापासून कढीपत्त्याला हात लावायची बंदी आहे. मीही खूश होतो, भूतदया म्हणून.

मग त्याच आठवड्यात जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला. कापसासारखा पांढरा, शेंड्याला चिकटलेला, खाली चिकट पाणी, त्यावर मुंग्यांची रांग. मी निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी करून दोन दिवसांआड फवारलं, जुन्या दात घासायच्या ब्रशने घासून काढलं, आणि मुंग्यांच्या बिळात उरलेलं ओतलं. हे करताना तोंडाने नाम चालू होतं. मुलगी म्हणाली, "पप्पा, याचं फुलपाखरू झालं असतं तर?"

म्हणजे माझी दया सुंदर पंखांवर होती. पिठ्या ढेकणाला सोडून द्यायला मी तयार नाही; जास्वंद जाईल, आणि गणपतीला फूल लागतं. पण फवारताना नाम मात्र आता घेत नाही. बायकोचं म्हणणं वेगळंच आहे. तिला फोडणीला कढीपत्ता हवा असतो, आणि घरात झाड असून ती तो बाजारातून आणते. परवा जुडी ओट्यावर ठेवत म्हणाली, "ही तुमच्या भूतदयेच्या खात्यात लिहा."

लिहिली आहे.