माझा अनुभव : सहा वर्षं बीपीच्या गोळ्या, आणि पायाचं बीपी कोणी घेतलंच नाही

अठ्ठाविसाव्या वर्षी मला बीपीची गोळी सुरू झाली, एकीने भागेना म्हणून दुसरी, आणि पुढची सहा वर्षं जो भेटेल तो म्हणायचा टेन्शन घेऊ नका, मीठ कमी करा. घरात पापड-लोणचं बंद झालं, बिचाऱ्या नवऱ्याचंही. पाय मात्र भर मे महिन्यातही गार, आणि आमच्या नाशिकच्या पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना पोटऱ्या अशा भरून यायच्या की सासूबाई मागून येऊन पुढे निघून जायच्या. हे मी एकाही डॉक्टरला सांगितलं नाही, म्हटलं बीपीचा आणि पोटऱ्यांचा काय संबंध.

गंगापूर रोडला एका फिजिशियनकडे सर्दी-खोकल्यासाठी गेले होते, खरंच. गोळ्यांची यादी बघून त्यांनी वय विचारलं, मग एक हात माझ्या मनगटावर आणि दुसरा जांघेत ठेवून दोन्ही नाड्या एकदम बघितल्या. जांघेतली अगदी बारीक आणि उशिरा लागत होती. सिस्टरला पायाचं बीपी घ्यायला सांगितलं. हाताचं १६८/९६, पायाचा वरचा आकडा ११२. पायाचा आकडा खरं तर हाताइतका किंवा थोडा जास्तच असतो म्हणे. कंपनीच्या मेडिकलचा जुना एक्स-रे आणायला लावला, तर त्यात बरगड्यांच्या खालच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारख्या खाचा, आणि रिपोर्टवर ‘नॉर्मल’.

डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी म्हणजे एओर्टा, ती डाव्या हाताची फांदी सुटली की लगेच पुढे जन्मतःच अरुंद असू शकते, त्याला कोआर्क्टेशन म्हणतात. अरुंद जागेच्या आधी, म्हणजे हातांकडे, दाब वाढतो आणि पुढे पायांकडे कमी पडतो. रक्त मग बरगड्यांखालच्या बारक्या वाहिन्यांतून वळसा घेतं, द्वारका सर्कलला जाम लागला की रिक्षावाले गल्लीबोळातून काढतात ना तसं, आणि त्या वाहिन्या वर्षानुवर्षं फुगून हाडाला घासत राहतात, त्याच त्या खाचा. म्हणजे नुसतं मीठ बंद करून काही होणार नव्हतं!! टूडी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, कळलं की एओर्टाच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्हही तीनऐवजी दोन पाकळ्यांचा आहे, या आजारात हे पुष्कळ जणांना असतं. दोन वर्षांपूर्वीही माझा एको झाला होता पण ही जागा बघायला गळ्याच्या खाली हाडाच्या खळगीत प्रोब ठेवावा लागतो, तेव्हा कोणी ठेवलाच नव्हता.

आता मूळ गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला बसले. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘सीटी एओर्टोग्राम’, म्हणजे डाय (रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन एओर्टाचा सीटी स्कॅन, लिहून दिलं. स्कॅन सेंटरच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, “सीटी अँजिओ, हार्टचीच ना मॅडम?” मी हो म्हटलं. चार तास उपाशी होते, डोकं चालत नव्हतं. तिने ‘कोरोनरी’, म्हणजे हृदयाला रक्त देणाऱ्या वाहिन्यांचा स्कॅन, टाकलं. नाडी कमी करायची गोळी दिली तेव्हाच मला शंका यायला हवी होती, ती कोरोनरीसाठी देतात. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, ‘कोरोनरी नॉर्मल’. सासूबाईंनी नवश्या गणपतीला नारळही फोडला. आणि डॉक्टरांनी सीडी लावून कपाळाला हात लावला, कारण कोरोनरीच्या स्कॅनमध्ये फक्त हृदयाएवढाच भाग घेतात, एओर्टाची कमान फिल्मच्या वर राहिलेली. जिथे बघायचं तिथेच चित्र नाही.

परत गेले. “मॅडम, रिपोर्ट नॉर्मल आलाय ना, मग परत कशाला?” हे वाक्य मी तीन चकरांत तीन माणसांकडून ऐकलं. पहिल्या चकरेला मॅनेजर जेवायला गेलेले. दुसऱ्या चकरेला “रेफर करणाऱ्या डॉक्टरांचं लेटर आणा”. तिसऱ्या चकरेला लेटर घेऊन गेले तर “सिस्टिममध्ये कोरोनरीच पडलंय, तुम्हीच हो म्हणालात, परत पूर्ण चार्ज लागेल”. मी म्हटलं मूळ चिठ्ठी काढा, त्यावर काय लिहिलंय बघू. तर ती सापडेना. ठेवून त्यांनीच घेतली होती! मी तिथेच खुर्चीवर बसून राहिले, समोरच्या टीव्हीवर कसलीशी मालिका म्यूट करून चाललेली, रडू येत होतं पण रडले नाही. घरी आल्यावर नवऱ्याला आठवलं की त्याने त्या दिवशी चिठ्ठीचा फोटो काढून आमच्या भावजींना व्हॉट्सॲपवर पाठवला होता. तो फोटो मोठा करून मॅनेजरपुढे धरला, ‘एओर्टोग्राम’ चांगलं सुवाच्य अक्षरात. मग अर्ध्या पैशात करून देतो म्हणाले. भांडायची ताकद नव्हती, हो म्हटलं. डाय परत जाणार म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणीही परत केली. या सगळ्यात एकोणीस दिवस गेले, आणि प्रत्यक्ष स्कॅन पाच मिनिटांचा. डाय गेला की अंगभर गरम वाटतं आणि शू झाल्यासारखं वाटतं, झालेली नसते, घाबरू नका.

तेव्हा चिठ्ठीचा फोटो आधी काढा. आणि काउंटरवर नाव मोठ्याने वाचून घ्या, “हार्टचंच ना” ला हो म्हणू नका.

कोआर्क्टेशन निघालं. पुढे मुंबईला स्टेंट बसला, त्यात सांगण्यासारखं काही नाही, सगळं सुरळीत झालं. एक गोळी अजून आहे, वर्षानुवर्षं बीपी वाढलेलं असलं की स्टेंटनंतरही राहू शकतं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचाही एमआरआय काढला, या आजारात तिथे फुगा असण्याची शक्यता जास्त असते म्हणून, माझ्यात नव्हता. क्लेमच्या वेळी ‘कंजेनायटल’ (जन्मजात) शब्द बघून विमा कंपनीने क्वेरी टाकली, तर पॉलिसीत इंटर्नल आणि एक्स्टर्नल कंजेनायटल वेगवेगळं असतं ते बघून ठेवा, बाहेरून न दिसणारं ते इंटर्नल, आपलं त्यात येतं. दोन पाकळ्यांचा व्हॉल्व्ह मुलांतही येऊ शकतो म्हणून मुलीचाही एको करून घ्यायला सांगितलाय, तो शाळेला सुट्टी लागली की.

हो, राहिलंच, तरुण वयात बीपी निघालं असेल तर घरच्या मशिनने पायाचं घेत बसू नका, मी घेतलं होतं, आकडा धड येत नाही. सिस्टरकडून आडवं झोपून घ्या. आणि सीटीला जाताना स्वेटर न्या, त्या खोलीत एसी फार असतो, माझे पाय तेव्हा आधीच गार होते.