पुण्यातल्या सातारा रस्त्याच्या सायकल ट्रॅकवर विसंबू नका (कात्रज ते स्वारगेट)

मामेभाऊ म्हणाला, "ताई, स्वारगेटपर्यंत ट्रॅक आहे की! डोळे मिटून जा." तो स्वतः बुलेटवर फिरतो, हे मला घरी परत आल्यावर सुचलं.

मंगळवारी सकाळी साडेआठला कात्रज चौकातून निघाले. बालाजीनगरपर्यंत उतार लागतो, सायकल आपसूक पळते. सांगण्यासारखं काही नाही.

पद्मावतीपासून डोकं फिरायला सुरुवात झाली. ट्रॅकवर आधी मोटार, मग रिक्षा, मग केळ्यांची हातगाडी, मग पुन्हा मोटार. दरवेळी ट्रॅकवरून खाली उतरायचं, वळसा घालायचा, परत वर चढायचं. अकरापर्यंत मोजलं, मग नाद सोडला. एका टेम्पोवाल्याला हटकलं तर म्हणे, "दोनच मिनिटं मॅडम, माल उतरतोय." आठ मिनिटं मी तिथेच उभी होते, हट्टाने. मूर्खपणा झाला, पण बरं वाटलं.

खरा धोका त्या अडवलेल्या जागेत नाही, या आत-बाहेर करण्यात आहे. गाडीच्या आडून तुम्ही अचानक रस्त्यावर येता आणि मागच्याला ते कळायला वेळच मिळत नाही. माझ्या हँडलला एक स्कूटर घासून गेली ती अशीच. म्हणून पद्मावतीच्या पुढे ट्रॅक सरळ सोडून द्या. मुख्य रस्त्यावर डाव्या बाजूने चाला, पण उभ्या गाड्यांपासून निदान एक मीटर तरी लांब. मध्ये दोन गाड्यांएवढी मोकळी जागा दिसली तरी आत शिरू नका. कोणी हॉर्न मारला तर मारू दे. हॉर्न ऐकू आला म्हणजे तुम्ही त्याला दिसला आहात.

उभ्या मोटारीच्या बाजूच्या आरशात बघायची सवय लावा. आत डोकं दिसलं की दार उघडणार हे धरूनच चाला, आपल्याकडे ते उजवीकडे, थेट तुमच्या अंगावर उघडतं. रिक्षाचं उलटं असतं. माणूस डावीकडून उतरतो, म्हणजे रिक्षा आणि फुटपाथ यांच्या फटीतून जाणाऱ्याच्या पुढ्यात. त्या फटीत जायचंच नाही.

बीआरटीच्या, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या, लेनमध्ये कितीही मोह झाला तरी घुसू नका. २००६ च्या अखेरीस सुरू झालेल्या या मार्गावर बसचे थांबे रस्त्याच्या मधोमध आहेत. त्यामुळे प्रवासी धावत रस्ता ओलांडतात आणि त्यांची नजर बसवर असते, सायकलवर नसते. थांबा जवळ आला की दोन्ही ब्रेकवर बोटं ठेवा. चौकात डावीकडे वळणाऱ्या बसच्या डाव्या अंगाला तर कधीच थांबू नका. मागे राहा, सिग्नल गेला तरी चालेल.

आता पंक्चर. लक्ष्मीनारायण चौकाच्या अलीकडे ट्रॅकच्या कडेला बाटलीच्या काचा होत्या, मागचं चाक बसलं. (गाड्यांच्या चाकांनी रस्त्यावरचा कचरा कडेला जातो आणि ट्रॅकवर तो तसाच पडून राहतो.) पंक्चरवाल्याने एका पंक्चरचे दोनशे रुपये घेतले, कारण म्हणे "गिअरवाली सायकल आहे." वर हवा भरता येईना, त्याच्या नळीला माझा बारीक व्हॉल्व्ह बसत नव्हता. पितळी अडॅप्टर मिळतो, चणीबोराएवढा, खिशात ठेवा. माझा घरी ड्रॉवरमध्ये होता. भाव आधी विचारा, मग चाक काढू द्या. भांडायचं त्राण नव्हतं, पैसे देऊन मोकळी झाले.

पुढे टिळक रस्ता, मैत्रिणीकडे पोहे, सगळं छान.

परतीला चढ आहे, फार नाही, पण संध्याकाळी सहानंतर निघालात तर धूर आणि चढ दोन्ही एकदम खाल. साडेसातच्या आत सकाळीच जाऊन यायला जमत असेल तरच हा रस्ता धरा. नोकरीच्या वेळेला मी तरी पुन्हा जाणार नाही.