पॅकिंग विभागातला भुंगेरा आणि भिंतीमागची ओल : माझा अनुभव

तयार पिठांची मिश्रणे बनवणाऱ्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभाग सांभाळते. एका सकाळी पॅकिंगच्या टेबलावर, शिलाईला लागलेल्या पिशव्यांपासून हातभर अंतरावर, जेमतेम दोन मिलिमीटरचा एक तपकिरी भुंगेरा चालताना दिसला. त्याच आठवड्यात आणखी चार सापडले. त्या पाळीचा सगळा माल आम्ही रोखून ठेवला आणि पुन्हा चाळून पाहिला. मालात एकही कीड नव्हती, पण ग्राहकाच्या पिशवीत एक जरी गेला असता तरी आमच्या शब्दाला किंमत उरली नसती, हे मला ठाऊक होते.

पिठाच्या कारखान्यात तपकिरी भुंगेरा दिसला की प्रत्येकाच्या तोंडी एकच नाव येते : पिठातला तांबडा भुंगेरा. ते चुकीचे असते असे नाही. हा तांबडा भुंगेरा पीठ, रवा आणि धान्याचा चुरा यांवर वाढतो, त्याची प्रौढ मादी शेकडो अंडी घालते, आणि त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या रसायनांमुळे पिठाला उग्र वास लागतो. आम्हीही तेच धरून चाललो. कीडनियंत्रण करणाऱ्या कंत्राटदाराने धुरी देण्याचा, म्हणजे बंद जागेत विषारी वायू सोडण्याचा, सल्ला दिला. त्यासाठी कारखाना बंद ठेवावा लागला, आणि धुरीचा फॉस्फिन वायू तांब्याला व विद्युत उपकरणांना गंजवतो म्हणून नियंत्रण पॅनेल झाकून बंद करण्यातच एक पूर्ण दिवस गेला. धुरी झाल्यावर मी स्वतः आदेश काढला की पॅकिंग विभागाची फरशी रोज रात्री पाण्याने धुवायची. त्या वेळी ती मला अधिक काळजी वाटली होती, पण प्रत्यक्षात तीच माझी सगळ्यात मोठी चूक होती.

तीन आठवडे शांततेत गेले आणि चौथ्या आठवड्यात भुंगेरे परतले, तेही आधीपेक्षा जास्त. तोपर्यंत आम्ही तांबड्या भुंगेऱ्याच्या गंधाचे सापळे लावले होते आणि ते जवळजवळ रिकामे होते. त्याच खोलीतल्या खिडकीच्या कठड्यावर मात्र मेलेले भुंगेरे पडलेले असत. गंधाचा सापळा ठराविक जातीलाच ओढतो. त्यामुळे सापळा रिकामा आणि कठडा भरलेला, याचा अर्थ आपण भलत्याच किड्याच्या मागे आहोत असा होतो. हे मला खूप आधी सुचायला हवे होते.

मग मी दहा पट मोठे दाखवणारे भिंग घेतले, एक भुंगेरा पांढऱ्या कागदावर ठेवला आणि कीटकशास्त्राच्या एका जाणकाराकडून आलेल्या सूचनांप्रमाणे पाहू लागले. तांबडा भुंगेरा तीन ते चार मिलिमीटरचा असतो, हा त्याहून लहान होता. दातेरी धान्य भुंगेऱ्याच्या मानेमागच्या भागावर दोन्ही बाजूंना सहा-सहा दात असतात, पण इथे तसे काहीच नव्हते. होते ते एवढेच, की त्या भागाच्या पुढच्या दोन कोपऱ्यांवर एकेक बोथट गाठ, आणि शृंगिकांची, म्हणजे डोक्यावरच्या मिशांची, टोके गदेसारखी फुगलेली. इंग्रजीत याला फॉरिन ग्रेन बीटल म्हणतात. तो धान्य पोखरत नाही. त्याचे मुख्य खाणे बुरशी आहे, तो चांगला उडतो, आणि उबदार व दमट जागी साधारण तीन आठवड्यांत अंड्यापासून प्रौढ होतो. आमचे तीन शांत आठवडे आणि त्यानंतरची गर्दी यांचे कोडे तिथेच सुटले. वायूने त्या दिवशी कीड मारली असेल, पण बुरशी जागच्या जागी राहिली होती, आणि धुरी दिलेल्या जागेवर पुढे पुरणारा कोणताही असर उरत नाही.

आता किड्याला मारण्याआधी त्याचे जेवण शोधायचे होते. आम्ही पॅकिंग विभागाचा नकाशा काढला, भिंतींच्या कडेने वीस चिकट सापळे क्रमांक देऊन ठेवले आणि दर दोन दिवसांनी मोजणी सुरू केली. पहिल्या आठवड्यात निम्म्याहून अधिक भुंगेरे 13 आणि 14 क्रमांकाच्या सापळ्यांत अडकले. दोन्ही सापळे शीतखोलीला लागून असलेल्या भिंतीपाशी होते. त्या भिंतीवर वरवर पाहता काहीच नव्हते. ती स्वच्छ, पांढरी, धुतलेली होती. तेव्हा साफसफाई करणाऱ्या मावशी म्हणाल्या, “मॅडम, सकाळी दार उघडलं की इथे कुबट वास येतो. दुपारपर्यंत जातो, म्हणून कुणाला सांगितलं नाही.” मी दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर सर्वांच्या आधी आत गेले आणि तो वास मलाही आला. ज्या माणसाचा दिवस त्या फरशीवर जातो, त्याला विचारायला आम्ही दोन महिने लावले होते.

भिंतीचे आच्छादन उघडले तेव्हा आतले दृश्य मी विसरणार नाही. शीतखोलीकडे जाणाऱ्या थंड नळावरचे इन्सुलेशन एका जागी फाटले होते. तिथे हवेतली वाफ थंड होऊन थेंब धरत होती आणि ते थेंब खालच्या आडव्या पट्टीवर पडत होते. पट्टीवर वर्षानुवर्षे झिरपलेल्या पिठाचा बोटभर जाड थर होता. तो भिजून कणकेसारखा घट्ट झाला होता आणि त्यावर करड्या-हिरव्या बुरशीची लव उभी होती. चमच्याने थर उचलला तर खालून पांढुरक्या, सडपातळ अळ्या निसटल्या. आर्द्रतामापक त्या पोकळीत 85 टक्के दाखवत होता, खोलीत मात्र तेव्हा 55 होते. फरशीचे पाणी भिंतीच्या तळाशी असलेल्या फटीतून रोज रात्री याच पोकळीत उतरत होते, म्हणजे त्या बुरशीला पाणी मीच घालत होते.

पुढची कामे सरळ होती, पण त्यांना धीर लागला. भिजलेले सगळे इन्सुलेशन काढून बंद पिशव्यांतून बाहेर नेले. पोकळी खरवडून, निर्वात यंत्राने ओढून, मग पंखे आणि आर्द्रता शोषणारे यंत्र लावून आठवडाभर वाळवली. नळाला नवे इन्सुलेशन बसवताना त्यावरचा बाष्परोधक थर अखंड राहील याची सांध्यासांध्याशी खात्री केली, कारण तो थर एका बोटाएवढा जरी उघडा राहिला तरी तिथे पुन्हा थेंब धरतात. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तो कोन गोलाईने भरून घेतला. पाण्याने धुणे थांबवून कोरडी साफसफाई सुरू केली. दाबाच्या हवेने धूळ उडवण्याचीही मनाई केली, कारण त्या हवेने पीठ नाहीसे होत नाही, फक्त तुळया आणि केबलच्या तबकांवर जाऊन बसते आणि पुढच्या किडीचे घर होते. ही सवय मोडणे आम्हाला सगळ्यात अवघड गेले. पहिल्या दोन आठवड्यांत तीनदा हवेची नळी पुन्हा बाहेर आली. शेवटी मी ती जोडणीच काढून घेतली.

कीटकनाशक अजिबात वापरले नाही असे नाही. भिंतीच्या तळाशी फटी भरण्यापूर्वी कंत्राटदाराने त्यांमध्ये मर्यादित फवारणी केली, तेवढीच.

याच ओघात माल चढवण्याच्या धक्क्याकडेही लक्ष गेले, कारण तिथल्या सापळ्यांत वेगळेच, मोठे, काळे जमिनीवरचे भुंगेरे येत होते. ते पिठासाठी येत नव्हते, दाराच्या वर लावलेल्या प्रखर पांढऱ्या दिव्याकडे येत होते. दिवा दारापासून दूर खांबावर नेऊन त्याचा झोत दाराकडे वळवला, त्यात पिवळसर दिवा बसवला आणि दाराच्या खालच्या फटीला ब्रशची पट्टी लावली. ते काम एका दुपारीच झाले.

पोकळी वाळल्यानंतर पहिल्या पंधरवड्यात 14 क्रमांकाच्या सापळ्यात अजून सहा भुंगेरे आले आणि मी घाबरले. जाणकाराने समजावले की आधी बाहेर पडलेले प्रौढ काही काळ उडतच राहतील, म्हणून एका मोजणीवर नव्हे, मोजण्यांच्या उतारावर नजर ठेवावी. पुढच्या पंधरवड्यात दोन आले, त्यानंतर एकही नाही. रोखून ठेवलेला माल तपासणी पूर्ण झाल्यावर सोडला. भिंतीच्या आच्छादनात आता काढता येणारी झडप आहे. महिन्यातून एकदा मावशी आणि मी ती उघडतो, नळावर हात फिरवतो, आर्द्रतेचा आकडा वहीत लिहितो आणि झडप पुन्हा बंद करतो.